कुळातली कळ

लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला खेटून वसलेल्या देवणी गावाचे नाव दूरदूर पोहोचले ते तेथील गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे ज्याचे तीन प्रकार या टापूतील पोरेसोरेही लांबून ओळखतात, तो हा देवणी गोवंश गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून, कोणतीही प्रयोगशाळा हाताशी नसताना, केवळ शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नजरेने आणि निवडीने घडलेला आहे. वळू विकत घेताना येथील जाणता माणूस त्याचे खांदे, खूर आणि वशिंड पाहतोच; परंतु त्याहूनही बारकाईने तो त्याच्या आईची चौकशी करतो, ती किती दूध देत होती, किती वेत झाली, कोणत्या दुखण्याने गेली, हे विचारतो आणि विकणाराही ही सारी हकीकत दप्तर उघडून वाचून दाखवावी तशी बिनचूक सांगतो. मात्र ज्या घरात गाईच्या तीन पिढ्यांचा तपशील असा मुखोद्गत असतो, त्याच घरातील एखादी सून वर्षानुवर्षे ओटीपोटातील कळेने हैराण झालेली असते, तेव्हा तिच्या आईला, मावशीला अगर आजीला असेच काही होत होते काय, हा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही, दवाखान्यात कोणी विचारीत नाही आणि तिच्या स्वतःच्याही मनात तो येत नाही. मूत्राशयाच्या दीर्घकालीन वेदनेसंबंधी गेल्या पंचवीस वर्षांत जे संशोधन झाले आहे, त्याच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न अत्यंत मोलाचा आहे.

या विकाराचे शास्त्रीय नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. अलीकडे त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम असेही म्हणतात. आपल्याकडे बायका त्याला वेगळे नाव देत नाहीत. लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली असे म्हणावयाचे, धने-जिऱ्याचे पाणी प्यावयाचे, सब्जा भिजवून घ्यावयाचा, आणि दोन दिवसांत उतार पडला की विषय संपला, अशी आपली वहिवाट आहे. आणि साध्या उन्हाळीच्या बाबतीत ती गैर आहे असे मुळीच नाही. परंतु जिची उन्हाळी उतरतच नाही तिची गोष्ट निराळी. मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात कळ उठते, रिकामे झाले की घटकाभर बरे वाटते, आणि पुन्हा थोडे पाणी साचले की तीच कळ पूर्ववत उभी राहते. निरोगी मूत्राशयात तीनशे ते पाचशे मिलिलिटर मूत्र विनातक्रार मावते, तर या रुग्णाला त्याच्या लहानशा अंशानेही असह्य होते, आणि आजार बळावला म्हणजे दिवसरात्र मिळून वीस-तीस वेळा उठावे लागते. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो, तिखट-आंबट खाल्ले की वाढतो, चहानेही वाढतो. उदगीरला किंवा लातूरला जाण्यासाठी एस.टी.त बसावयाचे झाले तर अशी स्त्री सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. आणि त्यामुळे मूत्र अधिक दाट व दाहक होऊन, जे टाळावयाचे तेच अधिक तीव्रतेने भोगते. तपासणी केली की लघवीत जंतू नाहीत, कल्चर निर्दोष आहे, सोनोग्राफीत काही नाही. तरीही प्रतिजैविकांचा एक डोस, मग दुसरा, मग तिसरा असे चालू राहते. आणि एवढ्यानेही गुण आला नाही म्हणजे ‘बाईच्या मनाचा खेळ आहे’ असा निकाल लागतो. या निकालाइतका अन्याय्य निकाल वैद्यकाच्या दरबारात क्वचितच दिला गेला असेल, असे मला वाटते.

मूत्राशयाला आपल्या प्राचीन वैद्यकाने किती वरचे स्थान दिले होते, हे पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेत हृदय, मस्तक आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे सांगितली असून, बस्तीचे विकार वर्णन करताना मूत्रकृच्छ्राचे अनेक भेद दिले आहेत. आधुनिक काळात, १८०८ च्या सुमारास, फिलाडेल्फियाच्या फिलिप फिझिक या शस्त्रवैद्याने खडा नसताना खड्यासारखीच वेदना देणाऱ्या मूत्राशयाचे निरीक्षण केले. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर स्कीन याने इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव रूढ केले. आणि १९१५ मध्ये गाय हनर याने आठ स्त्रियांच्या मूत्राशयात आढळलेल्या एका विशिष्ट व्रणाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो व्रण आजही हनरच्याच नावाने ओळखला जातो. पुढे दिसून आले की हनरचा व्रण या विकाराच्या थोड्याच रुग्णांत असतो. बहुसंख्यांच्या मूत्राशयाचे अस्तर दुर्बिणीतून पाहता जवळजवळ निर्दोष दिसते. दृष्टीला काही दिसले नाही म्हणजे व्याधीच नाही, असे समजणाऱ्यांना या गोष्टीने आयतेच निमित्त मिळाले आणि रुग्णांची पन्नास-साठ वर्षे त्यात गेली. हा विकार दुर्मिळ आहे हा समजही असाच चुकीचा ठरला. अमेरिकेतील रँड संस्थेने केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील प्रौढ स्त्रियांपैकी २.७ ते ६.५ टक्के स्त्रियांना या स्वरूपाची लक्षणे असल्याचे आढळले.

आता आनुवंशिकतेकडे वळू. बीजातील दोष अवयवात उतरतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. बीजाचा जो भाग अगर त्या भागाचा जो अंश दूषित होतो, त्याच्याशी संबद्ध असलेला अवयव विकृत होतो, असे चरकाच्या शारीरस्थानात प्रतिपादन आहे, आणि सुश्रुताने शुक्र-शोणिताच्या दोषांतून आलेल्या व्याधींचा आदिबलप्रवृत्त असा स्वतंत्र वर्गच केला आहे. आधुनिक शास्त्राची करामत ही की, अशा कल्पनेला त्याने मोजण्याची रीत दिली, आणि त्या कामी त्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे जुळी भावंडे. एकाच बीजापासून झालेल्या सारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत एक असतात, दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांची जनुके इतर भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी, समान असतात. घर, आई, अन्न, पाणी दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना सारखेच मिळते. तेव्हा एखादा विकार सारख्या जुळ्यांपैकी दोघींनाही होण्याचे प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असेल, तर त्यात बीजाचा वाटा आहे असे अनुमान करावयास हरकत नाही.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाचे जॉन वॉरन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये नेमके हेच केले. या विकाराचे ज्यांना निदान झाले होते अशा, जुळ्यांपैकी एक असलेल्या रुग्णांचा शोध घेऊन त्यांनी दुसऱ्या जुळ्या भावंडाची चौकशी केली, तेव्हा सारख्या जुळ्यांच्या आठ जोड्यांपैकी पाच जोड्यांत दुसऱ्या भावंडासही तोच विकार असल्याचे आढळले, तर भिन्न जुळ्यांच्या सव्वीस जोड्यांपैकी एकाही जोडीत तो आढळला नाही. संख्या लहान होती हे खरे, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. २००४ मध्ये त्याच गटाने रुग्णसंघटनेच्या सभासदांकडून माहिती मागवून असा निष्कर्ष मांडला की रुग्णाच्या निकटच्या रक्ताच्या प्रौढ स्त्री नातलगांत, म्हणजे आई, बहीण, मुलगी यांच्यात, हा विकार सर्वसामान्य लोकसंख्येच्या मानाने सुमारे सतरा पट अधिक आढळतो. ज्यांच्या घरात दुखणे आहे तेच अशा प्रश्नावलीला अधिक आस्थेने उत्तर पाठवितात, ही शंका येथे घेतली पाहिजे. आणि म्हणूनच पुढे यूटा राज्यात झालेले काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे मॉर्मन समाजाने सांभाळलेल्या वंशावळी वैद्यकीय दप्तराशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे कोणाच्या आठवणीवर किंवा उत्साहावर विसंबण्याची गरज राहत नाही. त्या अभ्यासातही निकटच्या नातलगांतील धोका चौपटीच्या आसपास निघाला. आणि ज्यांचे घर वेगळे, गाव वेगळे, अशा दूरच्या नातलगांतही तो काहीसा वाढलेलाच दिसला. एका चुलीवरचे अन्न किंवा एका विहिरीचे पाणी हे त्याचे कारण असू शकत नाही.

तथापि स्वीडनमधून आलेला पुरावा तराजूचे दुसरे पारडे खाली खेचतो. तेथील राष्ट्रीय जुळ्यांच्या नोंदवहीतील पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून २०११ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात स्त्रियांतील या विकाराच्या प्रवणतेपैकी एक तृतीयांशाहूनही कमी वाटा जनुकांचा निघाला. उरलेला बहुतांश वाटा ज्याच्या त्याच्या स्वतंत्र अनुभवांचा, आजारांचा आणि परिस्थितीचा होता. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. आणि देवणीच्या शेतकऱ्याला त्या समजावून सांगणे कठीण जाऊ नये. कालवडीच्या अंगावर काळे ठिपके असतील की नसतील हे थोड्याच जनुकांवर अवलंबून असते, आणि चारा कितीही बदलला तरी शेवेऱ्याचा बालंक्या होत नाही. दुधाचे तसे नाही. दूध शेकडो जनुकांच्या लहान लहान देणग्यांतून आणि त्याबरोबरच वैरण, पाणी, उन्हाळा, वासराची निगा, धार काढणाऱ्याचा हात यांतून ठरते. जगभरच्या दुभत्या गाईंच्या नोंदींवरून गाईगाईंमधील दुधाच्या फरकापैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा बीजाचा असतो असे दिसून आले आहे. चांगल्या आईची कालवड दुष्काळात आटते, हे मराठवाड्याला सांगावयास नको. मूत्राशयाच्या वेदनेचा वारसा या दुसऱ्या जातीचा आहे. तो व्याधीचा वारसा नव्हे, प्रवणतेचा आहे. आईकडून मुलीकडे जाते ती कळ नव्हे, तर कळेला लवकर वश होणारी शरीराची ठेवण.

ही ठेवण नेमकी कोठे असते, याचा शोध दोन ठिकाणी बराच पुढे गेला आहे. पहिला धागा सापडला तो मनोविकारांच्या अभ्यासातून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिर्ना वाइसमन आणि त्यांचे सहकारी अकस्मात घबराटीचे झटके येणाऱ्या कुटुंबांची पाहणी करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, यांपैकी काही घराण्यांत मूत्राशयाच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही एकवटलेल्या आहेत, आणि या घराण्यांत तेराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा संबंध दोन्ही गोष्टींशी जुळतो. २००४ मध्ये त्यांनी उलट दिशेने पडताळा घेतला, तेव्हा इंटरस्टिशियल सिस्टायटिसच्या रुग्णांत आणि त्यांच्या निकटच्या नातलगांत घबराटीच्या विकाराचे प्रमाण खरोखरच अधिक आढळले. त्या गुणसूत्रावरील नेमके जनुक निश्चितपणे हाती लागलेले नाही. परंतु या निष्कर्षाचा अर्थ फार मोठा आहे. ज्या स्त्रीला मूत्राशयाची कळ आहे आणि छातीत धडधडही होते, तिची कळ धडधडीमुळे आहे असे ठरविण्याची घाई आजवर केली गेली. येथे मात्र असे सूचित होते की दोन्ही एकाच मुळाच्या दोन फांद्या असू शकतात, आणि ते मूळ स्वभावात नसून मज्जासंस्थेच्या घडणीत असावे. यूटाच्या अभ्यासातही रुग्णांत आणि त्यांच्या नातलगांत स्नायूंच्या वेदना आणि बद्धकोष्ठ यांसारख्या इतर तक्रारी अधिक आढळल्या, हे या विचाराला पुष्टी देणारे आहे.

दुसरा धागा अधिक ठोस आहे आणि तो जपानमधून आला. हनरचा व्रण असलेला प्रकार आणि व्रण नसलेला प्रकार हे एकाच व्याधीचे कमी-अधिक टप्पे नसून दोन निरनिराळ्या व्याधी आहेत, असे तेथील वैद्यांचे मत गेल्या काही वर्षांत दृढ होत गेले. व्रणाच्या प्रकारात मूत्राशयाच्या भिंतीत दाहाच्या, विशेषतः प्रतिद्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशींचा दाट भरणा असतो, दुसऱ्यात तो जवळजवळ नसतो. जपान सरकारने २०१५ मध्ये व्रणाच्या प्रकाराला दुर्धर व्याधींच्या अधिकृत यादीत स्थान दिले. त्यानंतर, २०२३ मध्ये, अशा १४४ रुग्णांचे जनुकीय आराखडे ४१ हजारांहून अधिक इतर व्यक्तींच्या आराखड्यांशी ताडून पाहण्यात आले, तेव्हा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या नावाच्या क्षेत्रात स्पष्ट फरक दिसला. अवयवरोपणाच्या वेळी दात्याचे आणि घेणाऱ्याचे जुळते का म्हणून जे पाहतात तेच हे क्षेत्र. आपले कोण आणि परके कोण याचा निवाडा करणाऱ्या रोगप्रतिकार यंत्रणेची सारी सनद त्यात लिहिलेली असते. संधिवातासारख्या अनेक स्वप्रतिकारक व्याधींचा संबंधही याच क्षेत्राशी आहे. म्हणजे हनरच्या व्रणाचा प्रकार हा बहुधा शरीराने स्वतःच्याच मूत्राशयावर चालविलेला एक प्रकारचा दावा आहे, ही कल्पना आता निव्वळ तर्क राहिली नाही. मात्र एचएलएचे प्रकार लोकालोकांत फार भिन्न असतात, त्यामुळे जपानचा निष्कर्ष लातूर-नांदेडच्या माणसांना जसाच्या तसा लावता येणार नाही. भारतातील निरनिराळ्या जनसमूहांतील १० हजार व्यक्तींचे जनुकीय आराखडे वाचण्याचा जीनोम इंडिया प्रकल्प २०२४ मध्ये पूर्णत्वास गेला आहे. असा प्रश्न आपल्या लोकांविषयी विचारण्याची पूर्वतयारी त्यामुळे झाली आहे, आणि तो कोणीतरी विचारावा अशी माझी तळमळ आहे.

सीमेवरच्या या मुलखात आनुवंशिकतेचा विषय निघाला की मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाचा प्रश्न ओघानेच येतो. महाराष्ट्राच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना नात्यातील विवाहाचे नियम कसे बदलत जातात, याचे विवेचन इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केलेले आहेच. अशा विवाहांनी धोका वाढतो तो मुख्यत्वे त्या व्याधींचा, ज्यांत आई आणि वडील या दोघांकडूनही एकाच जनुकाची सदोष प्रत यावी लागते. मूत्राशयाचीही अशी एक विरळ व्याधी आहे. कोलंबिया देशातील बर्नार्डो ओचोआ या वैद्याने ती ज्या मुलांत ओळखली, ती हसू लागली की त्यांचा चेहरा रडवेला दिसे, आणि त्यांचे मूत्राशय नीट रिकामे होत नसे. २०१० मध्ये तिचे कारण असलेले एक जनुक सापडले. परंतु येथे ज्या वेदनेविषयी आपण बोलत आहोत ती या जातीची नाही. तेव्हा एखाद्या सुनेला ही कळ असेल तर तिच्या आईवडिलांच्या सोयरिकीला बोल लावण्यास शास्त्रात कोणताही आधार नाही.

प्रवणता असूनही एकीला व्याधी होते आणि तिच्या सख्ख्या बहिणीला होत नाही, याचे उत्तर स्वीडनच्या हिशेबात जनुकांखेरीज उरलेल्या त्या दोन-तृतीयांशांत शोधले पाहिजे. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर शर्करायुक्त द्रव्यांचा एक पातळ, बुळबुळीत लेप असतो. मूत्रातील क्षार व पोटॅशियम आतील मज्जातंतूंपर्यंत पोहोचू नयेत ही त्याची कामगिरी. वारंवार झालेला जंतुसंसर्ग, खड्याची इजा, प्रसूतीतील किंवा शस्त्रक्रियेतील दुखापत यांनी हा लेप झिजला की क्षार आत झिरपतात, मास्ट नावाच्या पेशी दाहक द्रव्ये सोडतात, मज्जातंतू चाळवले जातात, आणि पुढे मूळ इजा भरून आली तरी हे चाळवलेपण मागे उरते. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात उंदरांच्या नवजात पिलांच्या मूत्राशयाला दाह घडवून त्यांना पुढे मोठे होऊ दिले, तेव्हा प्रौढपणीही त्यांचे मूत्राशय इतर उंदरांहून अधिक वेदनाशील राहिले. अगदी लहानपणी झालेल्या इजेची आठवण मज्जासंस्था इतकी जपून ठेवते, हे वाचल्यापासून तान्ह्या मुलीच्या लघवीच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष होताना पाहिले की मला फार अस्वस्थ वाटते.

ज्या स्त्रीला हा विकार आहे ती स्वाभाविकपणे विचारते की, माझ्या मुलीला हे होईल काय. उत्तर असे की, तिचा धोका इतर मुलींपेक्षा अधिक आहे, पण न होण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि आज अशी कोणतीही रक्तचाचणी नाही की जी जनुके पाहून याचा दाखला देईल. तशी चाचणी विकण्याचा कोणी प्रयत्न केलाच तर पैसे वाचवावेत. त्याऐवजी आईने मुलीशी मोकळेपणाने बोलावे, एवढे मात्र घरच्या घरी होण्यासारखे आहे. मुलीला सहा आठवड्यांहून अधिक काळ मूत्राशय भरताना कळ येत असेल, आणि प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नसतील, तर पुन्हा तीच गोळी न घेता तिने मूत्रविकारतज्ज्ञास गाठावे, आणि केसपेपर लिहिला जात असतानाच आपल्या आईला, मावशीला, बहिणीला काय काय त्रास होता हे, मूत्राशयाबरोबरच आतड्यांचे, सांध्यांचे आणि घबराटीचेही, स्वतःहून सांगावे. आपल्या भागात मूत्रमार्गाचा क्षय अगदी असाच वेष घेऊन येतो. तो, खडा, आणि चाळिशीनंतर किंवा लघवीतून रक्त जात असल्यास कर्करोग, यांचा निकाल आधी लागला पाहिजे. दुर्बिणीच्या तपासात हनरचा व्रण सापडला तर तो भूल देऊन जाळता येतो किंवा त्यात स्टेरॉइड टोचता येते, आणि पुष्कळांना त्याने महिनोन्‌महिने आराम पडतो. नाही सापडला तर लघवीच्या वेळा हळूहळू लांबविण्याचा सराव, ओटीपोटाच्या आवळलेल्या स्नायूंना सैल करणारे व्यायाम, आणि अमिट्रिप्टिलिनसारखे जुने, स्वस्त औषध अल्प मात्रेत, यांवर बरेच भागते. पेन्टोसान हे औषधही मिळते, परंतु ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलास इजा झाल्याची उदाहरणे २०१८ पासून नोंदली गेली असल्याने डोळ्यांची तपासणी करवून घ्यावी. आणि प्रवासाच्या दिवशी पाणी तोडू नये. थोडे थोडे घेत राहावे, चहा तेवढा परतल्यावर प्यावा.